मक्याचे जनुकीय परिवर्तन: अपक्व भ्रूणापासून बी धरणाऱ्या रोपापर्यंत

मक्यात बाहेरचे जनुक बसत नाही तेव्हा पहिला संशय प्लाझ्मिडवर, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या गोल रेणूवर, जातो. प्लाझ्मिड तपासावाच, पण खरे कारण बहुधा त्याआधीच घडून गेलेले असते. मातृझाड उष्म्याने किंवा किडीने खंगलेले असते, भ्रूण अर्धा मिलिमीटर जास्त वाढलेला असतो, किंवा सहसंवर्धनाची (भ्रूण आणि जिवाणू एकत्र वाढवण्याची) खोली २० ऐवजी २६ अंशांवर गेलेली असते. म्हणून इथे डीएनएच्या बांधणीपेक्षा भ्रूण आणि संसर्गानंतरचा पहिला आठवडा यांना जास्त जागा दिली आहे.

पद्धत कोणती घ्यावी

मका एकदल. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा पेशीत आपला डीएनए सोडणारा जिवाणू निसर्गात द्विदल झाडांवर गाठी करतो, मक्याकडे तो आपणहून फिरकत नाही. त्यामुळे सुरुवातीचे प्रयत्न दुसऱ्या वाटांनी झाले. १९८८ मध्ये प्रोटोप्लास्टमध्ये (भित्तिका काढलेल्या पेशीत) डीएनए घालून पारजनुकीय रोपे मिळाली, पण ती वांझ निघाली. बी धरणारी पारजनुकीय मक्याची झाडे १९९० मध्ये जीन गनने, म्हणजे डीएनए लावलेले धातूचे कण पेशींवर मारून, मिळाली. १९९६ मध्ये ए१८८ या वाणाच्या अपक्व भ्रूणांवर सुपर-बायनरी व्हेक्टर (जादा संसर्ग-जनुके असलेला वाहक प्लाझ्मिड) असलेला एलबीए४४०४ हा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम वापरून ५ ते ३० टक्के यश नोंदवले गेले आणि चित्र पालटले. २००२ पर्यंत साध्या बायनरी व्हेक्टरनेही हाय-टू जातीत सरासरी साडेपाच टक्के यश मिळू लागले. येथे टक्केवारी म्हणजे संसर्ग केलेल्या दर १०० भ्रूणांमागे मिळालेले स्वतंत्र इव्हेंट, म्हणजे जनुक बसण्याच्या वेगवेगळ्या घटना.

विद्युतझटका आणि सिलिकॉन कार्बाइडच्या सुया यांनीही मक्यात परिवर्तन झालेले आहे, पण नव्याने काम सुरू करणाऱ्याने त्यांत वेळ घालवू नये. खरी निवड अ‍ॅग्रोबॅक्टेरियम आणि जीन गन या दोघांतच आहे. अ‍ॅग्रोबॅक्टेरियमने टी-डीएनएच्या, म्हणजे जिवाणू पेशीत सोडतो त्या तुकड्याच्या, प्रती कमी येतात, बहुतेकदा एक ते तीन, आणि तुकडा बऱ्यापैकी अखंड बसतो. जीन गनने प्रतींची गर्दी होते, त्या तुटतात, एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या पिढीत जनुक मूक होण्याचा धोका वाढतो. बायनरी व्हेक्टर बांधायचा नसेल, डीएनएचा नुसता तुकडा घालायचा असेल किंवा जनुक संपादनासाठी प्रथिन-आरएनए संकुल थेट पेशीत सोडायचे असेल, तर मात्र गनच घ्यावी.

बांधणीत काय पाहावे

मक्यात प्रमोटरसोबत (जनुक चालू करणारा भाग) इंट्रॉन (आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) असणे फार महत्त्वाचे. नुसता ३५एस प्रमोटर मक्यात दुबळा चालतो. त्याच्यामागे मक्याच्या एडीएच१ किंवा एचएसपी७० जनुकाचा इंट्रॉन जोडला की अभिव्यक्ती वाढते. मक्याचा युबिक्विटिन-१ प्रमोटर त्याच्या पहिल्या इंट्रॉनसह, किंवा भाताचा अ‍ॅक्टिन-१ प्रमोटर, हे दोन्ही भरवशाचे आहेत. जीयूएससारखे, निळा रंग देऊन आपली हजेरी दाखवणारे रिपोर्टर जनुक घेत असाल तर त्याच्या आतही इंट्रॉन असू द्या. जिवाणूला तो इंट्रॉन कापून काढता येत नाही, म्हणून निळा रंग दिसला तर तो वनस्पतीच्या पेशीतला आहे, चिकटलेल्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा नाही, याची खात्री राहते.

निवडीसाठी बार किंवा पॅट हे तणनाशक-सहनशीलतेचे जनुक आणि बायलाफॉस हे तणनाशक ही जोडी मक्यात सर्वांत जास्त रुळलेली आहे. तणनाशक-सहनशीलतेचे जनुक नको असेल तर मॅनोज या साखरेवर वाढू देणारे पीएमआय जनुक चांगला पर्याय आहे. निवडक जनुक टी-डीएनएच्या डाव्या सीमेजवळ ठेवा. हस्तांतर उजव्या सीमेपासून सुरू होते, त्यामुळे डावीकडचे जनुक पोहोचले असेल तर मधले तुमचे जनुकही आलेले असण्याची शक्यता जास्त.

मातृझाड आणि भ्रूण

वाण निवडताना हौस बाजूला ठेवा. कॅलसची (पेशींच्या अव्यवस्थित गोळ्याची) वाढ आणि त्यातून रोप उगवणे हे गुण वाणागणिक टोकाचे बदलतात. ए१८८ आणि बी७३ यांच्या संकरातून, ऊतीसंवर्धनासाठी निवडून तयार केलेली हाय-टू जात शिकण्यासाठी उत्तम. तिच्यापासून भुसभुशीत, झपाट्याने वाढणारा दुसऱ्या प्रकारचा (टाइप-२) कॅलस मिळतो. तिचा दोष असा की ती शुद्ध वाण नाही, त्यामुळे पुढच्या पिढ्यांत पार्श्वभूमीचे गुण विखुरतात. शुद्ध वाणच हवा असेल तर बी१०४ घ्या. त्याचा कॅलस घट्ट, सावकाश वाढणारा असतो आणि हात बसायला वेळ लागतो.

मातृझाडे हरितगृहात १६ तास उजेडात, दिवसा सुमारे २८ आणि रात्री २१ अंशांवर वाढवा. कणसावर रेशीम बाहेर पडण्याआधीच पिशवी चढवा, तुऱ्यालाही चढवा आणि परागीकरणाची तारीख पिशवीवर लिहा. परागीकरणानंतर झाडावर कीटकनाशक फवारू नका. फुलकिडे आणि लाल कोळी त्याआधीच आटोक्यात हवेत.

कणीस साधारण १० ते १३ दिवसांनी काढायचे, पण दिवस मोजून काढू नका. थंडीत तोच आकार यायला दोन-तीन दिवस जास्त लागतात. कणसाच्या मधल्या भागातले दोन-तीन दाणे उकरून भ्रूण मोजा. हाय-टूसाठी १.५ ते २ मिलिमीटर लांबीचे भ्रूण घ्या. १ मिलिमीटरच्या आतले भ्रूण संसर्गानंतर बहुतेक मरतात. २ मिलिमीटरच्या पुढचे कॅलस न करता उगवू लागतात. योग्य भ्रूण दुधट पांढरा, किंचित अपारदर्शक दिसतो. पारदर्शक असेल तर तो लहान आहे.

सोललेल्या कणसाच्या टोकात चिमटा रोवा म्हणजे हाताळायला दांडा मिळतो. व्यापारी ब्लीच आणि पाणी निम्मेनिम्मे घेऊन त्यात ट्वीन-२० चा एक थेंब टाका. ब्लीचमधले हायपोक्लोराइट सव्वापाच टक्क्यांच्या आसपास असावे. कणीस २० मिनिटे बुडवून ठेवा, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. कणसाच्या टोकाला अळीचे छिद्र दिसले तर ते कणीस फेकून द्या. आतली बुरशी ब्लीचने मरत नाही आणि एक कणीस दिवसभराच्या सगळ्या डिश घालवते.

आता धारदार पात्याने दाण्यांचे माथे १ ते २ मिलिमीटर कापा. भ्रूण दाण्याच्या तळाशी, कणसाच्या शेंड्याकडच्या बाजूला असतो. बारीक स्पॅच्युला आवरण आणि भ्रूणपोष यांच्या मध्ये घालून भ्रूणपोष वर उचला. भ्रूण सोबत येतो किंवा उघडा पडतो. ओरखडा पडलेला भ्रूण वापरू नका.

जिवाणूची तयारी

उणे ८० अंशांच्या साठ्यातून व्हेक्टरसह ईएचए१०१ किंवा एलबीए४४०४ हा जिवाणू थाळीवर रेघाटा, २८ अंशांवर दोन-तीन दिवस वाढवा. त्यातल्या एका वसाहतीपासून वायईपी माध्यमाच्या ताज्या थाळीवर १९ ते २० अंशांवर तीन दिवस वाढवा. प्रतिजैविके व्हेक्टर आणि जातीप्रमाणे ठरतात. ईएचए१०१ साठी बहुधा ५० मिलिग्रॅम कॅनामायसिन आणि व्हेक्टरसाठी १०० मिलिग्रॅम स्पेक्टिनोमायसिन प्रति लिटर लागते. महिनाभर फ्रिजमध्ये पडलेल्या थाळीवरून थेट संसर्ग करू नका.

संसर्गाचे माध्यम एका लिटरसाठी असे बनते: एन६ क्षार व जीवनसत्त्वे ४ ग्रॅम, २,४-डी (कॅलस वाढवणारे संप्रेरक) १.५ मिलिग्रॅम, प्रोलिन ०.७ ग्रॅम, साखर म्हणजे सुक्रोज ६८.४ ग्रॅम, ग्लुकोज ३६ ग्रॅम, पीएच ५.२. हे फिल्टरने निर्जंतुक करा. वापरायच्या दिवशीच त्यात १०० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन घाला. त्याचे १०० मिलिमोलर स्टॉक द्रावण म्हणजे १९.६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर डीएमएसओ, आणि ते माध्यमाच्या दर मिलिलिटरला १ मायक्रोलिटर घालायचे.

पीएच ५.२ आणि ग्लुकोज यांना हलके घेऊ नका. अ‍ॅग्रोबॅक्टेरियमची व्हिर (डीएनए हस्तांतराची) जनुके आम्ल वातावरण, फिनॉलिक संयुग (इथे अ‍ॅसिटोसिरिंगोन) आणि साधी शर्करा हे तिन्ही संकेत मिळाले की पूर्ण जोमाने चालू होतात. जखमी द्विदल झाड हे संकेत स्वतः देते. मक्याचा भ्रूण पुरेसे देत नाही, म्हणून ते आपण बाटलीतून द्यायचे.

थाळीवरचा जिवाणू लूपने उचलून ५ मिलिलिटर संसर्ग माध्यमात मिसळा. ५५० नॅनोमीटरवर ओडी (द्रावणाच्या गढूळपणाचे माप) ०.३ ते ०.४ ठेवा आणि खोलीच्या तापमानाला मिनिटाला ७५ फेऱ्यांच्या हलक्या गतीने दोन ते चार तास हलवत ठेवा. गुठळ्या राहिल्या तर ओडी खोटा दिसतो.

संसर्ग आणि पहिले तीन दिवस

२ मिलिलिटरच्या नळीत अ‍ॅसिटोसिरिंगोनसह संसर्ग माध्यम घेऊन भ्रूण काढता काढता त्यात टाका. एका नळीत शंभरापेक्षा जास्त नकोत. माध्यम दोनदा बदलून भ्रूण धुवा, म्हणजे भ्रूणपोषाचा पिठूळपणा निघून जाईल. मग १ मिलिलिटर जिवाणू द्रावण घाला, नळी हळूच वीसेक वेळा उलटीसुलटी करा आणि ५ मिनिटे अंधारात ठेवा.

सहसंवर्धन माध्यमात एन६ क्षार, १.५ मिलिग्रॅम २,४-डी, ०.७ ग्रॅम प्रोलिन, ३० ग्रॅम सुक्रोज आणि ३ ग्रॅम जेलराइट (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) प्रति लिटर असते, पीएच ५.८. ऑटोक्लेव्हनंतर ५० अंशांपर्यंत निवले की जीवनसत्त्वे, ०.८५ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, १०० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन आणि ३०० मिलिग्रॅम एल-सिस्टीन घाला. सिस्टीन जखमी ऊती काळ्या पडण्याची क्रिया रोखते. मात्र ते हवेत लवकर बिघडते, म्हणून द्रावण त्याच दिवशी करा आणि डिश एक-दोन दिवसांत वापरून संपवा. सिल्व्हर इथिलिनचा परिणाम दाबते आणि जिवाणूच्या अतिवाढीलाही लगाम घालते.

भ्रूण माध्यमावर ठेवताना सपाट बाजू, म्हणजे कोंब-मुळाचा अक्ष, खाली आणि फुगीर स्कुटेलम (भ्रूणाचे बीजपत्र) वर. उलटा ठेवला तर तो उगवतो, कॅलस देत नाही. भिंगाखाली प्रत्येक भ्रूण तपासून सरळ करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण सबंध प्रक्रियेत यापेक्षा जास्त मोबदला देणारी दहा मिनिटे दुसरी नाहीत. जादा द्रव पिपेटने काढून घ्या, नाहीतर जिवाणू भ्रूण बुडवून टाकतो.

डिश २० अंशांवर, अंधारात, तीन दिवस ठेवा. डीएनए पेशीत नेणारी जिवाणूची यंत्रणा थंडाव्यात टिकते आणि तापमान वाढले की ढासळते. खोलीचे एसी रात्री बंद होत असेल तर स्वतंत्र इन्क्युबेटर लागेल. थर्मामीटर इन्क्युबेटरच्या दारावर नव्हे, डिशच्या शेजारी ठेवा.

विश्रांती, निवड, पुनर्जनन

तीन दिवसांनी भ्रूण विश्रांती माध्यमावर न्या. त्यात सिस्टीन आणि अ‍ॅसिटोसिरिंगोन नसते. जिवाणू मारण्यासाठी १०० मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम आणि १०० मिलिग्रॅम व्हॅन्कोमायसिन प्रति लिटर असते. बायलाफॉस अजून नको. २८ अंशांवर अंधारात सात दिवस द्या. जनुक नुकते मिळालेल्या पेशींना प्रथिन बनवायला ही उसंत लागते.

त्यानंतर १.५ मिलिग्रॅम बायलाफॉसवर दोन आठवडे, मग ३ मिलिग्रॅमवर, दर दोन आठवड्यांनी ताज्या माध्यमावर. एका डिशमध्ये तीसच भ्रूण ठेवा. गर्दी झाली की मेलेल्या ऊतींची ढाल होते आणि निवड ढिली पडते. माध्यमात ग्लुटामिन किंवा केसीन हायड्रोलायसेट भरपूर असेल तरीही बायलाफॉसचा दाब कमी होतो, कारण ते ग्लुटामिन बनवणारे विकर बंद पाडून पेशी मारते आणि आयते ग्लुटामिन मिळाले की पेशी तग धरते.

संसर्गानंतर पाच ते आठ आठवड्यांत तपकिरी, मरगळलेल्या ऊतीतून पांढरा-पिवळसर, भुसभुशीत कॅलस जोमाने वर येतो. तो वेगळा करा. एका भ्रूणापासून एकच इव्हेंट धरा. दोन फुटवे वेगळे दिसले तरी रेणवीय पुरावा मिळेपर्यंत त्यांना एकच समजा, नाहीतर एकाच इव्हेंटची दोनदा मोजणी होते. पाणचट, करडा, चिकट कॅलस कितीही वाढला तरी त्यातून रोप येत नाही.

पुनर्जननासाठी २,४-डी काढून टाका. एमएस क्षार ४.३ ग्रॅम, जीवनसत्त्वे, ६० ग्रॅम सुक्रोज, ३ ग्रॅम जेलराइट अशा माध्यमावर २५ अंशांना अंधारात दोन-तीन आठवडे ठेवा. जादा साखरेमुळे कायिक भ्रूण (कॅलसपासून बनणारे भ्रूण) पांढरे, घट्ट आणि पक्व होतात. मग ३० ग्रॅम सुक्रोजच्या माध्यमावर उजेडात, दिवसाला १६ तास. कोंब आणि मुळे आठवडा-दोन आठवड्यांत येतात. कायिक भ्रूण पक्व होण्याआधी उजेडात नेले तर नुसती पाने फुटतात, मुळे येत नाहीत, आणि असे रोप मातीत टिकत नाही.

रोप कुंडीत लावताना मुळांचे जेलराइट कोमट पाण्याने पूर्ण धुवा, साखर राहिली की बुरशी धरते. आठवडाभर पारदर्शक झाकण ठेवा, ते रोज थोडे जास्त उघडा. भ्रूणापासून इथपर्यंत साधारण तीन ते चार महिने जातात.

जीन गनने करायचे असेल तर

१.२ ते १.५ मिलिमीटरचे भ्रूण स्कुटेलम वर ठेवून अडीच सेंटिमीटरच्या वर्तुळात ३० ते ४० मांडा. ०.२ मोलर मॅनिटॉल आणि ०.२ मोलर सॉर्बिटॉल असलेल्या माध्यमावर मारा करण्याआधी चार तास आणि नंतर रात्रभर ठेवा. पेशीतले पाणी कमी झाले की कण घुसल्यावर पेशीतला रस बाहेर सांडत नाही.

सोन्याचे कण ०.६ मायक्रॉनचे घ्या. ३ मिलिग्रॅम कणांच्या ५० मायक्रोलिटर द्रावणात ५ मायक्रोग्रॅम डीएनए, २.५ मोलर कॅल्शियम क्लोराइड ५० मायक्रोलिटर आणि ०.१ मोलर स्पर्मिडिन २० मायक्रोलिटर, याच क्रमाने, व्होर्टेक्स चालू ठेवून घाला. कण खाली बसवा, ७० टक्के आणि मग शुद्ध इथेनॉलने धुवा, ४८ मायक्रोलिटर इथेनॉलमध्ये पसरवा आणि दर मॅक्रोकॅरियरवर (कण वाहून नेणाऱ्या पातळ चकतीवर) ६ ते ८ मायक्रोलिटर लावा. ६५० पीएसआय दाबाला फुटणारी डिस्क, भ्रूण ६ सेंटिमीटरवर. कणांच्या गुठळ्या झाल्या तर जिथे गुठळी पडते तिथली ऊती मरते. स्पर्मिडिन जुने किंवा वारंवार गोठवलेले असेल तर असे होते, म्हणून ते लहान भागांत उणे २० अंशांवर ठेवा. प्रती कमी हव्या असतील तर डीएनए कमी करा आणि अख्ख्या प्लाझ्मिडऐवजी प्रमोटरपासून टर्मिनेटरपर्यंतचा कापलेला तुकडा वापरा.

हट्टी वाणांसाठी

बी७३ सारखे वाण वरच्या पद्धतीने फारसे दाद देत नाहीत. २०१६ पासून त्यावर चांगला उपाय आहे: मक्याचीच बेबी बूम आणि वुशेल-२ ही जनुके सोबत घालायची. ती स्कुटेलमच्या पेशींना थेट कायिक भ्रूण बनवायला लावतात. मात्र ती कायम चालू राहिली तर झाडे खुरटी, वाकडी आणि वांझ होतात. म्हणून क्रे-लॉक्स या डीएनए कापणाऱ्या यंत्रणेने ती कापून काढावी लागतात, किंवा बेबी बूमला पीएलटीपी आणि वुशेल-२ ला अ‍ॅक्सिग-१ असे मर्यादित चालणारे प्रमोटर द्यावे लागतात. या प्रमोटरांच्या जोडीने आठवडाभरात कायिक भ्रूण दिसतात आणि कॅलसचा लांबचा टप्पा टळतो. जिवाणूत जादा व्हिर जनुकांचा तिसरा प्लाझ्मिड ठेवल्यानेही यश वाढते. हे सगळे हाय-टूवर हात बसल्यानंतर करा. आधी साधी प्रक्रिया नियमित जमत नसेल तर ही जनुके तुमचे खराब भ्रूण सुधारणार नाहीत.

जनुक खरोखर बसले का

पहिल्या पिढीच्या पानाचा पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहणारी चाचणी) एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. ऊतीत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम महिनोन्‌महिने लपून राहतो आणि त्याचा प्लाझ्मिड तुम्हाला हवी ती पट्टी देतो. म्हणून सोबत टी-डीएनएच्या बाहेरच्या भागासाठी, म्हणजे व्हेक्टरच्या स्पेक्टिनोमायसिन जनुकासाठी, आणि जिवाणूच्या गुणसूत्रावरील एखाद्या जनुकासाठी प्रायमर चालवा. दोन्ही पट्ट्या आल्या तर झाडात जिवाणू शिल्लक असण्याचा संशय धरा. फक्त पहिली आली तर व्हेक्टरचा बाहेरचा भागही जीनोममध्ये शिरलेला असू शकतो. असा इव्हेंट पुढे नेण्यालायक नसतो. प्रती मोजायला सदर्न (कापलेल्या डीएनएत प्रोबने जनुक शोधणारी चाचणी) करा. टी-डीएनएमध्ये एकदाच कापणारे विकर आणि कापाच्या एका बाजूचा प्रोब घेतला तर प्रत्येक पट्टी म्हणजे एक स्वतंत्र जोड. नमुने जास्त असतील तर डिजिटल पीसीआरने आधी चाळणी करून निवडक इव्हेंटचेच सदर्न करा.

पहिल्या पिढीच्या झाडांत तुरा आणि रेशीम एकाच वेळी येतील याचा भरवसा नसतो. तुरा लवकर वाळतो, कधी तुऱ्यातच दाणे धरतात. म्हणून पारजनुकीय झाडाचे कणीस साध्या झाडाच्या परागाने फलित करा. त्यासाठी साध्या झाडांची पेरणी दर आठवड्याला टप्प्याटप्प्याने करा. पारजनुकीय तुऱ्यावर पिशवी चढवा किंवा तो फुलण्याआधीच खुडा. मक्याचा पराग वाऱ्याने दूर जातो. नियामकाची परवानगी असलेल्या बंदिस्त हरितगृहाबाहेर यातले एकही झाड, दाणा किंवा कुंडीची माती जाऊ नये, टाकाऊ सगळे ऑटोक्लेव्ह करून टाका.

मिळालेल्या दाण्यांपैकी ४० पेरा. आठ-दहा दिवसांच्या रोपांवर २५० मिलिग्रॅम प्रति लिटर ग्लुफोसिनेट (बायलाफॉसच्याच जातीचे तणनाशक), ०.१ टक्के ट्वीन-२० मिसळून फवारा. शेजारी साध्या रोपांची एक रांग असलीच पाहिजे. ती मेली नाही तर फवारणी फसली. एका जागी जनुक बसले असेल तर जगलेली आणि मेलेली रोपे निम्मीनिम्मी अपेक्षित. २६ जगली, १४ मेली तर काय-वर्ग (अपेक्षेपासूनच्या फरकाचे सांख्यिकी माप) ३.६ येतो, ३.८४ या ५ टक्के पातळीच्या मर्यादेच्या आत, म्हणून एकच जागा मानता येते. २७ आणि १३ आली तर ४.९ येतो, तेव्हा सदर्न पुन्हा पाहा. ३० आणि १० च्या आसपास आकडा आला तर दोन असंलग्न जागांवर जनुक बसले असावे. उलट जगलेली रोपे निम्म्याहून खूप कमी असतील तर पहिले झाड मिश्र पेशींचे होते, किंवा जनुक मूक होऊ लागले आहे. अशा इव्हेंटवर आणखी एक पिढी घालवण्यापेक्षा एकच प्रत, अखंड टी-डीएनए आणि १:१ विभागणी असलेला दुसरा इव्हेंट पुढे न्या. म्हणूनच प्रत्येक बांधणीमागे किमान दहा स्वतंत्र इव्हेंट हाती येतील इतके भ्रूण सुरुवातीलाच धरावेत. पाच टक्के यश धरले तर ते दोनशे होतात, म्हणजे एकाच दिवशी तयार झालेली दोन-तीन चांगली कणसे.